अंगाने बारीक, तरीही मधुमेह? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"डॉक्टर, रिपोर्ट बदलला असेल. माझ्या अंगावर मांस तरी कुठे आहे?" साखर वाढलेली निघाली की बारीक अंगाचा माणूस हमखास हेच म्हणतो. मी तालुक्याच्या गावात मेडिसिनची प्रॅक्टिस करते आणि हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. गेल्या तीस वर्षांत या प्रश्नावर फार मोलाचं संशोधन झालं आहे आणि त्यातलं बरंचसं आपल्या पुण्यात झालं आहे. ते ओपीडीच्या पाच मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून हे पान.

बारीक माणसाला खरंच मधुमेह होतो का?

होतो, आणि आपल्याकडे बराच होतो. लठ्ठपणामुळे धोका वाढतो हे खरं आहे. पण "लठ्ठ नाही म्हणजे धोका नाही" हा त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे.

आधी आकडे पाहू. आयसीएमआर-इंडिॲब हा देशव्यापी अभ्यास २००८ ते २०२० या काळात चालला. प्रत्येक राज्यातली वीस वर्षांवरची माणसं मिळून १ लाख १३ हजार जणांची त्यात तपासणी झाली. २०२३ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे प्रौढांत दर चौघांमागे एकाहून जास्त. एवढी माणसं काही सगळी लठ्ठ नाहीत.

माझा बीएमआय २२ आहे, म्हणजे नॉर्मल. मग धोका कसा?

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन. त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती, हे तो सांगत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. शेजारी शेजारी उभे असलेले दोन सडपातळ डॉक्टर, दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. मी रुग्णांना ही गोष्ट सांगते तेव्हा पुढे फारसं समजवावं लागत नाही.

२०२१ साली इंग्लंडमधल्या साडेचौदा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गोऱ्या माणसाला बीएमआय ३० झाल्यावर मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढाच धोका दक्षिण आशियाई माणसाला २३.९ लाच असतो, असं त्यात दिसलं. भारतात आधीपासूनच २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा असं धरतात. जुन्या तक्त्यातला २५ आणि ३० हा हिशोब आपल्या शरीरांना लागू पडत नाही.

चरबी असेल, तर ती दिसत का नाही?

कारण ती आत असते. जादा खाल्लेलं साठवायची शरीराची हक्काची जागा म्हणजे कातडीखालची चरबी, मांड्यांवरची, नितंबांवरची. ती निदान चयापचयाच्या दृष्टीने फारशी त्रास देत नाही. आपल्याकडे बऱ्याच जणांत ही कणगी लहान असते. ती भरली की उरलेलं धान्य ओटीवर, माजघरात, मिळेल तिथे रचावं लागतं, तशी चरबी आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंत जाऊन बसते. यकृतात चरबी साचली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि माणूस उपाशी असतानाही रक्तात साखर सोडत राहतं.

दुसरी अडचण स्नायूंची. जेवणानंतर रक्तात येणारी साखर उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात, आणि आपले स्नायूच कमी. हातपाय काडीसारखे आणि शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली, असा देह आपल्याकडे घरोघरी दिसतो. लोक त्याला "बारीक आहे, फक्त जरा पोट सुटलंय" म्हणतात. त्या "जरा" मध्येच सगळं आहे.

तिसरी गोष्ट अलीकडे जास्त ठळक झाली आहे. अनेक भारतीयांत मुळात इन्सुलिन बनवण्याची ताकदच कमी पडते. तरुणपणी मधुमेह झालेल्या पुण्याच्या रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत मोठा गट इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेल्यांचा निघाला. युरोपातल्या रुग्णांचं चित्र असं नाही.

याची सुरुवात गर्भात होते असं म्हणतात. त्याला पुरावा काय?

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली एक अभ्यास सुरू झाला. गरोदर राहण्याआधीपासूनच बायकांची मापं घेतली गेली, गरोदरपणात त्या काय खातात आणि किती राबतात हे टिपलं गेलं. मग त्यांना झालेल्या मुलांच्या मागे संशोधक वर्षानुवर्षं राहिले. या आयांचं सरासरी वजन होतं ४२ किलोच्या आसपास.

बाळं जन्मली सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पण आपली बाळं सगळ्याच बाबतींत सारख्या प्रमाणात लहान नव्हती. पोटातले अवयव आणि स्नायू खूपच कमी, पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकवलेली. लंडनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त आढळलं. म्हणजे 'बारीक पण चरबीयुक्त' ही ठेवण जन्मतःच होती.

हीच मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा काय दिसलं? जवळजवळ निम्मी कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलांत आणि १८ टक्के मुलींत साखर मधुमेहपूर्व पातळीवर गेलेली होती. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. खेड्यातली, अंगावर मांस नसलेली, फास्टफूडशी फारसा संबंध नसलेली अठरा वर्षांची पोरं ही. ज्यांची साखर तेव्हा वाढलेली होती, त्यांच्यातल्या अनेकांची लहानपणीही इतरांपेक्षा जास्तच होती.

गर्भातल्या उपासमारीचा असा परिणाम इतरत्रही दिसला आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये जर्मन नाकेबंदीमुळे दुष्काळ पडला. त्या काळात पोटात असलेल्या मुलांची साखर पन्नाशीत इतरांपेक्षा जास्त निघाली.

म्हणजे दोष आईचा?

नाही. हा प्रश्न सासूबाई सुनेसमोर विचारतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. ४२ किलो वजनाची बाई नऊ महिने शेतात राबते, डोक्यावर पाणी आणते, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवते, यात तिची निवड किती? त्याच अभ्यासात दिसलं की गरोदरपणी जिला जास्त कष्टाचं काम पडलं, तिचं बाळ लहान झालं. आणि जिच्या खाण्यात पालेभाज्या, दूध, फळं वारंवार होती, तिचं बाळ मोठं झालं. नुसत्या उष्मांकांनी हा फरक पडला नाही.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये यावरच पुढचा प्रयोग झाला, 'सरस' प्रकल्प. मूल होऊ इच्छिणाऱ्या बायकांना पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज दिला गेला. सगळ्यांची मिळून बाळांची वजनं फारशी वाढली नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. किमान तीन महिने आधीपासून खाऊ खाल्लेल्यांत थोडी वाढली. पण गरोदरपणातला मधुमेह खाऊ मिळालेल्या गटात ७.३ टक्के आणि दुसऱ्या गटात १२.४ टक्के निघाला. औषध नाही, इंजेक्शन नाही, फक्त पालेभाजी, फळं आणि दूध. दोन जिवांची झाल्यावर डिंकाचे लाडू देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. मुलगी लग्नाआधी काय खाते, तिच्या ताटात पालेभाजी पडते की नाही, इकडे मात्र अजून कोणी बघत नाही.

बी१२ चा मधुमेहाशी काय संबंध?

पुण्याच्या त्याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायकांत बी१२ कमी होतं. फोलेट, म्हणजे फोलिक ॲसिडचं जीवनसत्त्व, मात्र बहुतेकींत पुरेसं होतं. ज्या आयांचं बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालं असं म्हणता येणार नाही.

यावरून कोणी गरोदरपणातली फोलिक ॲसिडची गोळी बंद करू नये. बाळाच्या मेंदूच्या आणि मणक्याच्या घडणीसाठी ती हवीच. बी१२ तपासावं, कमी असेल तर तेही घ्यावं. ते वनस्पतींतून मिळत नाही, म्हणून शाकाहारी घरात दूध, दही, ताक हेच त्याचे मार्ग. आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ कमी होऊ शकतं. पायांना मुंग्या येत असतील तर "शुगरमुळेच असेल" असं गृहीत न धरता बी१२ बघून घ्या.

मी चहात साखर घेत नाही, गोड खात नाही. मग कशाने झालं?

गोडाचा वाटा आहेच. ब्रिटनमध्ये युद्धकाळातलं साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं. त्याच्या आधी आणि नंतर जन्मलेल्यांची तुलना २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आली. गर्भापासून पहिल्या दोन वर्षांपर्यंत कमी साखर मिळालेल्यांत पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होता. घुटी, बिस्किटं, गोड दूध यांनी ज्यांची जीभ आपण वर्षाच्या आत गोडावर लावतो, त्या बाळांसाठी हे महत्त्वाचं आहे.

पण मोठ्यांच्या ताटात साखरेपेक्षा मोठा प्रश्न पिठूळ अन्नाचा आहे. २१ देशांतल्या सव्वा लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास २०२० मध्ये आला. दिवसाला ४५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त पांढरा भात खाणाऱ्यांची तुलना १५० ग्रॅमपेक्षा कमी खाणाऱ्यांशी केली, तर धोका एकूणात २० टक्क्यांनी जास्त निघाला. दक्षिण आशियात तो ६१ टक्क्यांनी जास्त होता.

मग भात सोडून भाकरी? इथे बहुतेकांची निराशा होते. २०२५ साली आलेल्या इंडिॲबच्या आहार-अभ्यासानुसार भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. भाताच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, पण कर्बोदकांचा एकूण वाटा तोच ठेवला, तर धोका कमी झालेला दिसला नाही. रोजच्या उष्मांकांपैकी फक्त ५ टक्के कर्बोदकांकडून डाळी, दूध-दही, अंडी, मासे यांतल्या प्रथिनांकडे वळवले, तर धोका कमी असण्याशी संबंध दिसला.

ज्वारीची भाकरी उत्तमच आहे. पण तीन भाकऱ्या, वाटीभर भात आणि पातळ आमटी असं ताट असेल, तर ज्वारी एकटी काही करू शकणार नाही. एक भाकरी कमी करा, त्या जागी घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठलं, अंडं किंवा बोंबील-बांगडा जे चालत असेल ते वाढवा. साबुदाणा आणि बटाटा उपवासाच्या दिवशी पोटभर खाणं हा उपवास साखरेच्या दृष्टीने मेजवानी असतो, हेही लक्षात असू द्या.

माझा धोका मी घरी कसा ओळखू?

शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. पँटचा नंबर म्हणजे कमरेचा घेर नव्हे. पँट पोटाच्या खाली बांधली जाते. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा.

मग चेन्नईत तयार झालेली भारतीय मधुमेह धोका गुणपद्धती वापरा. ३५ ते ४९ वयाला २० गुण, पन्नाशीपासून पुढे ३०. कंबर पुरुषांत ९० ते ९९ आणि बायकांत ८० ते ८९ असेल तर १०, त्यापुढे २०. नियमित व्यायामही करता आणि काम कष्टाचंही आहे तर शून्य, दोन्हींपैकी एकच असेल तर २०, एकही नसेल तर ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली की रक्त तपासायचं.

४२ वर्षांचा किराणा दुकानदार धरा. वजन ६१ किलो, कंबर ९२, दिवसभर गल्ल्यावर बसून, आईला मधुमेह. २० आणि १० आणि ३० आणि १०, एकूण ७०. वजन या हिशोबात कुठेच आलं नाही.

कोणती तपासणी करावी? एचबीए१सी पुरेशी आहे का?

उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करावी. उपाशीपोटी १००, दोन तासांनी १४० आणि एचबीए१सी ५.७ यांच्या पुढे धोक्याचा पट्टा सुरू होतो. एचबीए१सी एकटीवर भिस्त ठेवू नये, विशेषतः बायकांनी. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर ती खोटी जास्त दिसू शकते. हिमोग्लोबिन सोबत बघावं. आणि नुसत्या उपाशीपोटीच्या साखरेवर समाधान मानू नये. अनेकांची उपाशीपोटीची ठीक असते आणि जेवणानंतरचीच आधी बिघडते.

वय ३०, वजन ४५ किलो, साखर ३५०. हा कोणता प्रकार?

हे घरबसल्या ठरवता येत नाही आणि ठरवूही नये. हा पहिला प्रकार (टाइप १) असू शकतो, तो तिशी-चाळिशीतही होतो. स्वादुपिंडातल्या खड्यांमुळे असू शकतो. घराण्यात एकाच जनुकातून उतरणारा असू शकतो. आणि बालपणापासूनच्या कुपोषणातून आलेलाही असू शकतो. या शेवटच्या प्रकाराला एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने बँकॉकच्या परिषदेत 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या रुग्णांवर झालेल्या कामाचा त्यात मोठा वाटा आहे. अशा रुग्णांत इन्सुलिन फार कमी बनतं, पण इन्सुलिनला दाद मात्र बऱ्यापैकी मिळते. नेहमीच्या गोळ्या आणि नेहमीचं पथ्य त्यांना डोळे झाकून देता येत नाही.

वजन झपाट्याने उतरत असेल, उलट्या होत असतील, श्वास जोरात चालत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर अचानक साखर वाढली आणि कारणाशिवाय वजनही घटू लागलं, तर स्वादुपिंडाची तपासणी करून घ्यावी.

मला वजन कमी करायला सांगतात. आधीच बारीक आहे, आणखी काय कमी करू?

आधी कंबर बघू. ती मर्यादेबाहेर असेल तर थोडं वजन उतरवून फायदा होतो. इंग्लंडमध्ये बीएमआय २७ पेक्षा कमी असलेल्या २० मधुमेहींवर छोटा प्रयोग झाला. यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी उतरल्यावर त्यातल्या १४ जणांची साखर औषधाविना आटोक्यात आली. कंबर मुळातच कमी आणि वजन ४५-५० किलो असेल, तर मात्र उपाशी राहू नका. तिथे स्नायू वाढवणं हेच काम.

चेन्नईतल्या २००६ च्या प्रयोगाने मला फार धीर दिला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ जण. तीन वर्षांत नेहमीचाच सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणं आणि आहार सांभाळणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना. आणि या लोकांचं वजन जवळजवळ उतरलंच नव्हतं. काट्याने दाद दिली नाही तरी शरीराने दिली.

करायचं काय? रोज अर्धा तास भरभर चालणं, जेवणानंतर लगेच आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं शतपावली, आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम. बैठका, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं. साठीच्या बायकांनीही करावा. "चालते की रोज देवळापर्यंत" यात स्नायू बनत नाहीत.

हवा, तंबाखू, करोना यांचाही संबंध आहे का?

आहे. धूम्रपानाने धोका ३० ते ४० टक्क्यांनी वाढतो. दिल्ली आणि चेन्नईतल्या सुमारे १२ हजार लोकांच्या अभ्यासात हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा साखर वाढण्याशी संबंध दिसला. करोना होऊन गेलेल्यांत नव्याने मधुमेह निघण्याचं प्रमाण जास्त आढळलं. दमा किंवा सांधेदुखीसाठी वैद्यकीय देखरेखीविना घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र मला जास्त वेळा सापडतात.

बाळंतपणानंतर साखर उतरली. आता विसरून जाऊ?

विसरू नका. २०२० साली तेरा लाख बायकांच्या एकत्रित माहितीवरून दिसलं की गरोदरपणी मधुमेह झालेल्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका सुमारे दहापट असतो. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत एकदा, आणि पुढे दर वर्षी तपासणी हवी. बाळाच्या लसीच्या तारखा भिंतीवर लावता, तशी ही तारीखही लिहून ठेवा.

मला मधुमेह निघाला. घरात आणखी कोणाची तपासणी करावी?

सख्खी भावंडं, तिशी ओलांडलेली मुलं, आणि घरातला तो काटक माणूस, ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात की त्याला काही होत नाही. माझे वडील असेच होते. ५२ किलो वजन, सायकलवर फिरायचे, गोडाला हात लावायचे नाहीत. त्यांची साखर कोणीच कधी तपासली नाही, मी डॉक्टर झाल्यावर मीसुद्धा नाही. पायाला चप्पल चावून झालेली जखम दीड महिना भरेना, तेव्हा कळलं. साखर ३१० होती.